पोहता येत नाही, पण शिडाच्या होडीत बसायचंय

विचारा की! : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात मी मुंबईच्या बंदरातल्या एका दुपारबद्दल अर्धं पान लिहिलं होतं. कॉलेजातल्या आम्ही चौघी मैत्रिणी, गेटवेसमोरून शिडाच्या होडीत बसलो, घारापुरीला नाही, मांडव्याला नाही, कुठंच न जाता पाण्यावर फिरून परत आलो. एवढंच. त्यावर पत्रांचा असा ढीग येईल असं संपादकांनाही वाटलं नव्हतं. बहुतेक पत्रं विचारपूस करणारी आहेत, दोन-तीन रागाची. 'इकडं हंडाभर पाण्याची मारामार आणि तुम्ही बोटीच्या गप्पा सांगायल्यात' असं एका वाचकानं लिहिलंय. त्यांना आधी सांगते. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी लातुरातच राहत होते. रात्री उठून नळाखाली घागरी मीही लावल्यात. म्हणून माणसानं समुद्र बघू नये, असं काही मला वाटत नाही. उलट आपल्यासारख्यांनीच बघावा, डोळे भरून.

आता प्रश्न.

आम्ही चौघं मित्र, सगळे बँकेतून निवृत्त. देवगिरी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरणार, रात्रीच्या गाडीनं परत. मधल्या वेळात तुम्ही लिहिली तशी होडी करायची आहे. सकाळीच उरकून घेतलं तर चालेल का? आणि भाडं किती पडेल?
*एक वाचक, सेलू, जि. परभणी*

उरकायचं असेल तर गेटवेवरून इंजिनाच्या लाँचा सुटतात, त्यात बसा आणि मोकळे व्हा. शिडाच्या होडीला वारा लागतो, आणि मुंबईच्या बंदरात भरवशाचा वारा येतो तो दुपारी. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, आठवतंय? दहा मार्कांचा प्रश्न असायचा. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडं वाहतो, तोही बेताचाच. ऊन वर आलं की तो पडतो. सकाळी दहाच्या सुमारास बंदरात शीड उघडून बसलात तर घाम पुसत बसाल. मग जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. साधारण बारा-एकला सुरुवात, तीन-चारला भर, आणि दिवस मावळायला आला की पुन्हा ढिला. तेव्हा सकाळी गाडीतून उतरा, सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाका, पोटभर न्याहारी करा, म्युझियम बघा, आणि अडीच-तीनला बोटीत बसा.

हा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. आणि बंदर शहराच्या पूर्वेला आहे. म्हणजे सगळं कुलाबा मध्ये आडवं. वारा कुलाब्याच्या डोक्यावरून पलीकडं येतो, पण त्याला लाट उठवायला मोकळं पाणी मिळत नाही. मरीन ड्राइव्हच्या बाजूला अख्खा अरबी समुद्र तोंडासमोर असतो, तिथल्या लाटा आणि इथलं पाणी यात म्हणून एवढा फरक. गेटवेसमोर वारा चांगला, पाणी शांत, असा दोन्हीकडून फायदा होतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ताज हॉटेल आणि आसपासच्या उंच इमारतींच्या आडोशाला हाच वारा तुटक येतो. शीड लुळं पडतं, फडफडतं, मग एकदम भरतं, पुन्हा लुळं पडतं. किनाऱ्यापासून जरा लांब गेलं की तो एकसारखा लागतो. सुरुवातीची फडफड बघून 'पैसे पाण्यात गेले' असं एकमेकांकडं बघू नका.

जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर. त्यामुळं येण्याला जास्त वेळ लागतो. दोन तासांची बोट घेतली तर तासाच्या आतच वळायला पाहिजे. हे तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, माहीत असतंच, पण तुमच्यातला एखादा 'अजून थोडं पुढं घ्या की' म्हणणारा असतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

राहिली भरती-ओहोटी. आपल्याकडं पंचांग घरोघरी असतं, त्याचा इथं उपयोग होतो. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात आणि भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा, म्हणजे पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराला ओहोटी. शुद्ध पक्ष काय, वद्य काय, हिशेब तोच. हा ठोकताळा आहे, त्यात तासाभराचा फरक पडू शकतो, तेव्हा छापील तक्त्यातली वेळ खरी धरा. पण तिकीट काढताना दिवस निवडायला एवढं पुरतं. तृतीया ते पंचमी मिळाली तर दुपारी पाणी चढलेलं सापडतं. बोटीत चढायच्या पायऱ्यांवर ओहोटीला शेवाळ उघडं पडतं, आणि साठीनंतर शेवाळावर पाय ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

भाड्याचा आकडा मी छापत नाही, कारण मोसमाप्रमाणं आणि आठवड्याच्या वाराप्रमाणं तो बदलतो. पद्धत सांगते. भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं, तासावर. पाच-सहा जण मावतात. तुम्ही चौघंच असाल तर आणखी दोघं गोळा करा. 'यॉट' या नावाखाली पुष्कळदा इंजिनाची पांढरी बोट मिळते, म्हणून फोनवर नेमकं विचारा, शीड उघडणार का? दुसरं, बोट बहुतेक वेळा पाण्यात लांब नांगरलेली असते, तिथपर्यंत छोट्या होडीतून नेतात. त्याचे पैसे आणि वेळ भाड्यात धरलेत का, तेही विचारा.

पोहता येत नाही. गावच्या विहिरीत भाऊ शिकले, मला कुणी उतरू दिलं नाही. आता पन्नाशी ओलांडली. शिडाची होडी एका अंगावर कलंडते म्हणे. बसू का नको?
*एक वाचक भगिनी, उदगीर*

बसा. आमच्या चौघींतल्या दोघींना पोहता येत नाही, आणि सगळ्यात जास्त मजा त्याच दोघींनी केली.

होडी कलंडते, हे खरं आहे. वारा शिडावर दाबला की बोट एका बाजूला झुकते, आणि पहिल्यांदा ती झुकली की तोंडातून 'अगं बाई' निघतंच. पण तुम्हाला जी बोट देतात तिच्या पोटाखाली एक जड पातं असतं, त्याला कील म्हणतात. त्यात शिशाचं किंवा लोखंडाचं शेकडो किलो वजन असतं. बोट जितकी झुकेल तितकं ते वजन तिला परत सरळ करायला ओढतं. शिवाय जास्त झुकली की शिडातला वारा आपोआप निसटतो. तांडेल दोर जरा सैल सोडतो, की झालं, बोट उठून बसते. त्या वेळी सगळ्यांनी उंच झालेल्या बाजूला सरकून बसायचं, एवढंच तुमचं काम. उलट्या होतात त्या छोट्या, बिनकीलच्या डिंगी होड्या, शिकणाऱ्या पोरांच्या. त्यांना ते उलटणं शिकवलेलंच असतं. तुम्ही आरक्षण करतानाच कीलबोट मागा.

लाइफ जॅकेट मात्र चढायच्या आधी अंगात, आणि उतरेपर्यंत अंगात. 'फोटोपुरतं काढते' नाही. 18 डिसेंबर 2024 ला याच बंदरात घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि माणसं गेली. त्यानंतर जॅकेटबद्दल कडकपणा आला. पण कडकपणा असो नसो, तुमच्या जॅकेटचे पट्टे तुम्ही स्वतः ओढून बघायचे. खांद्याशी धरून कुणी वर उचललं तर ते हनुवटीपर्यंत सरकायला नको. सरकलं, तर ते मोठं होतंय, दुसरं मागा. लाजायचं काही कारण नाही.

माझ्या आईचं वय सत्तर. नऊवारी नेसते. तिलाही यायचं आहे. जमेल का?
*एक वाचक, जिंतूर*

बसायला अडचण नाही. अडचण आहे ती पायऱ्यांवरून छोट्या होडीत आणि छोट्या होडीतून बोटीत पाय टाकायची. दोन्ही हलत असतात, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. गुडघे धरत असतील तर हौस बाजूला ठेवा. चांगले असतील तर जरूर न्या, नऊवारी तर कासोट्याची, सहावारीपेक्षा कितीतरी सोयीची. माझ्या एका मैत्रिणीनं सहावारी नेसून सगळ्यांचा जीव वर-खाली केला, पदर विंचच्या, म्हणजे दोर ओढायच्या रहाटाच्या, दांडीला अडकला होता. पायात काळ्या सोलची चप्पल नको, रबरी सपाट बूट किंवा अनवाणी. चष्म्याला दोरी. डोक्याला रुमाल गच्च बांधून, टोपी उडून जाते. आणि 'आईंना झेपेल का' हे मला विचारलंत तसं आईंनाही विचारा.

मी अकरावी सायन्सला आहे. होडीला वारा ढकलतो हे समजतं. पण मग वाऱ्याच्या उलट दिशेनं परत कशी येते? आमच्या सरांनी इंजिन लावत असतील म्हणून सांगितलं.
*एक विद्यार्थी, अंबाजोगाई*

सरांना नमस्कार सांग, आणि हेही सांग की इंजिनाचा शोध लागायच्या आधीही माणसं घरी परत येत होती.

सरळ वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची होडी जात नाही. वारा जिकडून येतो त्याच्या दोन्ही बाजूंना साधारण 45 अंशांचा भाग सोडावा लागतो. त्या भागात बोट घातली की शीड नुसतं फडफडतं आणि बोट थांबते. म्हणून वाऱ्याला तिरकं राहून एकदा उजवीकडं, मग वळून डावीकडं, पुन्हा उजवीकडं, असं नागमोडी जायचं. कन्नडचा घाट तू एसटीनं चढला असशील, गाडी सरळ डोंगरावर जात नाही, वळणं घेत वर पोचते. तसंच हे. प्रत्येक वळणाला टॅक म्हणतात.

आता खरी गंमत. तिरकं ठेवलेलं शीड सपाट नसतं, त्याला पोट असतं. वारा त्या पोटाच्या दोन्ही अंगांनी वाहतो, बाहेरच्या फुगीर अंगानं जास्त वेगानं, आणि तिथला दाब कमी होतो. विमानाच्या पंखाचं तत्त्व तेच, फक्त इथं पंख उभा केलेला. म्हणजे शीड नुसतं ढकललं जात नाही, ओढलंही जातं. ही ओढ पुढं आणि आडवी अशी दोन्हीकडं असते. आडवं जाऊ न देण्याचं काम खालची कील करते, तिचं रुंद पातं पाण्यात आडवं सरकत नाही. उरते ती पुढची ओढ. बोट पुढं जाते. बलांची आकृती काढून बघ, सदिशांचा धडा तुला याच वर्षी आहे.

हे बरोबर चाललंय की नाही हे कळायला शिडावर एक साधी सोय असते. पुढच्या शिडाच्या कडेजवळ दोन्ही बाजूंना लोकरीचे वीतभर धागे चिकटवलेले असतात. आमच्या बोटीवर एक तांबडा होता, एक हिरवा. दोन्ही धागे सरळ मागं वाहत असले तर शीड बरोबर लागलंय. आतला धागा नाचायला लागला तर बोट वाऱ्याच्या फार तोंडाशी गेलीय. बाहेरचा लुळा पडून लोंबायला लागला तर फार लांब वळलीय. तांडेलानं माझ्या लातूरच्या मैत्रिणीच्या हातात टिलर दिला, म्हणजे सुकाणूची लाकडी दांडी, आणि सांगितलं, समोर बघू नका, धागे बघा. टिलर उलटा चालतो, डावीकडं ढकलला की बोट उजवीकडं वळते. ती पहिली पाच मिनिटं बोट दारुड्याच्या चालीनं चालवत होती. मग कधीतरी दोन्ही धागे एकदम सरळ झाले, बोटीची थरथर थांबली, बुडाशी पाण्याचा खळखळाट एकसारखा ऐकू यायला लागला, आणि बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या आवाजात म्हणाल्या, "आता कुणी हलायचं नाही!"

वळताना एक धोका असतो, तो लिहून ठेव. मोठ्या शिडाखाली आडवी दांडी असते, बूम. बोट वळली की ती एका बाजूनं दुसऱ्या बाजूला डोक्यावरून जाते. तांडेल ओरडला की आधी डोकं खाली, मग प्रश्न.

घाटात एसटी लागते. समुद्रात काय होईल?
*एक वाचक, माजलगाव*

बंदरातलं पाणी शांत असतं, तेव्हा घाटाइतकं नाही लागणार. कारण मात्र तेच. कानातला तोल सांभाळणारा भाग 'हलतंय' म्हणतो आणि डोळे समोरच्या सीटकडं बघून 'काहीच हलत नाही' म्हणतात. मेंदू गोंधळतो, पोट ढवळतं. म्हणून बोटीत मोबाईलमध्ये डोकं घालायचं नाही, आतल्या खोलीत जायचं नाही. मधोमध किंवा मागच्या बाजूला बसा, लांब क्षितिजाकडं बघा. उपाशी जाऊ नका आणि वडापाव-मिसळ हाणूनही जाऊ नका. आलेपाकाच्या वड्या खिशात असू द्या. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्या, मळमळायला लागल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. आणि या गोळ्यांनी झोप येते, बोटीत झोपलात तर पैसे वाया.

त्याच होडीतून घारापुरीची लेणीही उरकून येता येतील का? पाण्यातून दिसतं तरी काय काय?
*एक वाचक, धाराशिव*

पुन्हा 'उरकून'! नाही येता येणार. घारापुरी गेटवेपासून दहा-अकरा किलोमीटर. चांगल्या वाऱ्यात शिडाची बोट ताशी आठ-नऊ किलोमीटर जाते, वर येताना नागमोडी. जाऊन-येऊन लेणी बघायला सबंध दिवस पाहिजे. लेणी बघायची तर सकाळची लाँच पकडा, सोमवार सोडून, सोमवारी लेणी बंद असतात. आणि आपल्या भागातल्या माणसानं घारापुरीला जाण्याआधी वेरूळचं 29 नंबरचं लेणं नीट बघावं. दोन्हींची मांडणी इतकी मिळतीजुळती आहे की वेरूळ बघितलेला माणूस घारापुरीत पाऊल ठेवतो आणि ओळखीच्या घरात आल्यासारखा चालायला लागतो. लोक कैलास बघून परत फिरतात, 29 पर्यंत जात नाहीत, ही आपली जुनी खोड.

पाण्यातून काय दिसतं? आधी गेटवे. 1924 साली तो खुला झाला, त्याच्या मागचं ताज 1903 चं, म्हणजे हॉटेल दरवाजापेक्षा एकवीस वर्षांनी थोरलं. रस्त्यावरून बघताना गेटवेभोवती फोटोवाले, कबुतरं आणि गर्दी असते, इमारत दिसतच नाही. पाण्यातून कळतं की तो दरवाजा समुद्राकडून येणाऱ्यासाठी बांधलाय. आणि गोरे लोक त्यातूनच गेले, 28 फेब्रुवारी 1948 ला शेवटची ब्रिटिश पलटण इथून बोटीत चढली. उत्तरेला नौदलाची गोदी, राखाडी रंगाच्या युद्धनौका. समोर मिडल ग्राउंड नावाचं इवलंसं तटबंदीचं बेट. त्याच्या पलीकडं जवाहर द्वीप, तिथं तेलाची जहाजं लागतात. मागं घारापुरीचे डोंगर, त्याच्याही मागं न्हावाशेव्याच्या क्रेन. हवा स्वच्छ असली तर उत्तरेला अटल सेतूची रेघ. दक्षिणेला कुलाब्याच्या टोकापलीकडं प्राँग्सचं दीपगृह, 1875 चं. नांगरलेल्या एखाद्या मालवाहू जहाजाच्या जवळून गेलात तर त्याच्या अंगाचा गंज, बाजूला रंगवलेले पाण्याच्या पातळीचे आकडे, वर कठड्याला टेकून विडी ओढणारा खलाशी, सगळं दिसतं. आमच्याकडं बघून एकानं हात हलवला, आम्ही चौघींनी आठ हात हलवले.

नौदलाच्या हद्दीत आणि तेलाच्या धक्क्याजवळ बोट जात नाही, फोटोही काढायचे नाहीत. तांडेल सांगतो, त्याच्याशी हुज्जत घालू नका.

मी शिक्षक आहे. मराठवाड्याचा आणि समुद्राचा काडीचा संबंध नसताना अशा शहरी चैनीचे लेख आपल्या मासिकात कशाला?
*एक वाचक, सोयगाव*

गुरुजी, तुम्ही सोयगावचे! अजिंठ्याची लेणी तुमच्या तालुक्यात. दोन नंबरच्या लेण्यात पूर्ण नावाच्या बौद्ध भिक्खूच्या कथेचं चित्र आहे, त्यात समुद्रावर निघालेलं जहाज आहे, तीन डोलकाठ्यांचं, शिडं चढवलेलं, आत पाण्याचे माठ रांगेनं मांडलेले. ते ज्या चित्रकारानं काढलं त्यानं जहाज नीट बघितलं होतं, किंवा बघितलेल्या माणसाकडून बारकाईनं ऐकलं होतं. अजिंठ्यापासून समुद्र तेव्हाही तेवढाच लांब होता.

आणखी मागं जा. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्यानं हिंदी महासागराच्या व्यापाराची नोंदवही लिहिली, 'पेरिप्लस'. त्यात पैठण आहे आणि तेरही आहे, धाराशिवजवळचं. पैठणहून गोमेद जायचे, तेरहून सुती कापड, गाड्या भरून गुजरातेतल्या भडोच बंदरापर्यंत आणि पुढं जहाजानं पश्चिमेला. पैठण भडोचपासून वीस दिवसांवर आणि तेर तिथून दहा दिवसांवर, असा हिशेबही त्यानं दिलाय. तेरच्या संग्रहालयात एकदा पोरांना घेऊन जा. संबंध होता गुरुजी, तुटला. आमची दोन तासांची होडी तो जोडत नाही, हे मला मान्य आहे. चैन होती, हेही मान्य. पण वर्षभर राबणाऱ्या माणसानं वर्गणी काढून एखादी दुपार चैन केली तर मासिकानं ती छापावी.

मुंबईला कशाला? आमचा नाथसागर काय लहान आहे?
*एक वाचक, पैठण*

लहान कसला! 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, 1976 साली धरण खुलं झालं, आणि पाणी पसरलं पन्नासहून जास्त किलोमीटर. वारा तिथंही सुटतो, उन्हाळ्यात चांगला सुटतो. पण तो पक्षी अभयारण्याचा भाग आहे. थंडीत रोहित आणि बदकं उतरतात तेव्हा तिथं शिडं आणि इंजिनं घेऊन घुसू नये. काठावर बसून दुर्बिणीतून बघण्यासारखी ती जागा आहे. प्रत्येक पाण्यात होडी घातलीच पाहिजे असं नाही.

सोबत खायला काय न्यावं? गाणी लावायला स्पीकर चालेल का?
*भिशी मंडळ, लातूर*

धपाटे. गार झाले तरी चांगले लागतात, हातानं खाता येतात, ताट लागत नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी कोरडी न्या, दही नको. दही बोटीत काय करतं ते मी इथं लिहीत नाही. पाणी माणशी लिटरभर तरी. वारा गार लागतो म्हणून तहान कळत नाही आणि ऊन पाण्यावरूनही अंगावर येतं. तांडेलाला आणि त्याच्या मदतनिसाला आधी द्या, त्यांची जेवणं पुष्कळदा राहिलेली असतात. आमच्या तांडेलानं दुसरा धपाटा मागून घेतला आणि यात काय काय घातलंय ते विचारलं. मैत्रिणीनं तीळ, कोथिंबिरीपासून सगळं सांगितलं, आणि तेवढ्यात वळायची वेळ झाली म्हणून तो तोंडात घास असतानाच ओरडला.

स्पीकर घरी ठेवा. इंजिन बंद असलेल्या बोटीत चार मैत्रिणींना एकमेकींचं बोलणं हळू आवाजातही ऐकू येतं, हे सुख भिशीत मिळत नाही. गाणं म्हणायचं तर स्वतःच्या गळ्यानं म्हणा. आणि बाटली न्यावी का, असं गेवराईहून ज्यांनी नाव न घालता विचारलंय, त्यांना: नाही. बूमची गोष्ट वर लिहिली आहे, ती शुद्धीवर असलेल्यांसाठीही पुरेशी अवघड आहे.

शाळांना सुट्टी असते, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात पोरांना घेऊन जावं म्हणतो.
*एक वाचक, हिंगोली*

नका जाऊ. जूनपासून नैऋत्येचा वारा सुरू होतो, बंदराचं तोंड दक्षिणेला आहे, आणि लाटा सरळ आत येतात. मांडव्याच्या लाँचा बंद होतात, मच्छीमारांनाही 1 जूनपासून समुद्रबंदी असते, शिडाच्या बोटी उचलून किनाऱ्यावर ठेवतात. तुम्हाला नुसता पाऊस आणि बंद पडलेली खिडकी दिसेल. मेच्या पहिल्या पंधरवड्यातलं तिकीट मिळतंय का बघा, ऊन जास्त असतं पण वाराही जोराचा असतो. नाही मिळालं तर दिवाळीच्या सुट्टीत जा, गाड्यांचं आरक्षण मात्र साठ दिवस आधी करा.